डावीकडची जागा

कागद हातात आला की काका आधी तो उभा दुमडायचे. बरोबर मधोमध. अंगठ्याच्या नखानं घडीवरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढायची, कागद पुन्हा उघडायचा आणि फक्त उजव्या अर्ध्यात लिहायचं. डावा अर्धा कोरा. कुणी म्हणालं, अहो, एवढा कागद कशाला वाया घालवता, की ते म्हणायचे, "वाया कसला? ती तुमची जागा आहे. उत्तराची."

नोकरी संपली तरी जिची सवय हातातून सुटत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या सोलापूरच्या गल्लीत एक निवृत्त कंडक्टर होते, ते लग्नाच्या पंगतीतही डोकी मोजत बसायचे. काकांची नोकरी सरकारी ऑडिट खात्यातली, नागपूरला, छत्तीस वर्षं. त्या खात्यात अशा अर्ध्या लिहिलेल्या कागदाला हाफ मार्जिन म्हणतात. ऑडिटरनं उजवीकडे हरकत लिहायची. ज्या कचेरीची तपासणी चालू आहे तिनं डावीकडे उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर ऑडिटर खाली हिरव्या पेन्सिलीनं टिक मारून सही करतो आणि हरकत मिटते. पटलं नाही तर नवा कागद, नवी घडी. हे सगळं मला त्यांनी बॉनमध्ये शिकवलं. मी काही ते शिकायला जर्मनीत आले नव्हते.

मी आले होते पीएचडीला. विषय, पहिल्या महायुद्धानंतरचा मुंबई इलाख्याचा सरकारी जमाखर्च. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. आई विड्या वळायची. फोनवर तिला विषय सांगितला तर म्हणाली, "इंग्रज सरकारचा हिशेब? ते मेलं ना कधीच? मेलेल्याचा हिशेब कुणाला द्यायचा?" मी जेवणाचं विचारून विषय बदलला. पण माझं नाव जर्मन विद्यापीठाच्या दारावरच्या पाटीवर होतं आणि त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

काकांची पहिली भेट मे महिन्यातली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वाचनखोली ऱ्हाईनच्या काठाला आहे, काचेतून नदी दिसते. माझ्यासमोर मुंबई सरकारच्या वार्षिक हिशेबाचा जाड खंड उघडा, शेजारी मराठीत टिपणं काढलेली वही. मागून आवाज आला, "अहो मॅडम, हे वाचताय की नुसतं बघताय?"

वळून पाहिलं. बिनबाह्यांचा स्वेटर, पांढरा शर्ट, खिशाला हिरवी पेन्सिल. परमुलखात मराठी कानावर पडली की माणूस विरघळतो म्हणतात. मी विरघळले नाही. म्हणाले, "वाचतेय. माझा पीएचडीचा विषय आहे."

"असं का. मग तळाची टीप वाचली?"

"कुठली टीप?"

"ह्या आकड्याला चांदणी आहे." त्यांनी बोट कागदाला न लावता वरच्यावर धरलं. "चांदणी आहे म्हणजे खाली काहीतरी कबूल केलेलं असणार. आधी टीप, मग आकडा. उलटं केलंत की फसलात."

टीप मुंगीएवढ्या अक्षरात होती. त्या आकड्यात मागच्या वर्षीची थकबाकीही धरली आहे, असं तिच्यात सरळ लिहिलं होतं. मी तो आकडा दोन ठिकाणी वापरून बसले होते. थँक्यू म्हणाले, पण मनातून असा संताप आला की काय सांगू. चार वर्षं अर्थशास्त्र शिकलेली मी, आणि हा कोण रस्त्यावरून आलेला माणूस!

रस्त्यावरून नव्हे, जवळच्याच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून आले होते. त्यांचा मुलगा इथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर. काकू गेल्यापासून दर एप्रिलला मुलगा त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलवून घ्यायचा. मुलगा दिवसभर ऑफिसात, सून घरूनच काम करणारी, तिच्या सतत मीटिंगा. काकांना टीव्ही कळत नव्हता आणि बागेत बसायचा कंटाळा. ग्रंथालयात कुणालाही बसता येतं हे कळल्यावर त्यांनी ती कचेरीच करून टाकली. सकाळी साडेनऊला हजर, एकला डबा, साडेपाचला घरी.

काउंटरवर एक आखूड केसांच्या बाई बसायच्या. वाचनखोलीत फक्त शिसपेन्सिल चालते, हा तिथला नियम. काकांच्या हिरव्या पेन्सिलीवरून पहिल्याच दिवशी जुंपली.

"ही पेन्सिलच आहे," काका मला म्हणाले. "सांगा त्यांना."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, रंगीत नाही चालत.

"नियमात 'रंगीत' शब्द आहे का, विचारा."

बाईंनी नियमावली काढून दाखवली. शब्द होता. काकांनी निमूटपणे पेन्सिल काढून दिली आणि मला म्हणाले, "चांगलं ऑफिस आहे." त्यानंतर रोज सकाळी ती पेन्सिल पाकिटात जमा व्हायची आणि संध्याकाळी परत मिळायची. त्यामुळे टिक मारायचं काम बाहेर, नदीकडेच्या बाकावर.

माझी चूक एवढीच की, एकदा मी त्यांना माझ्या प्रकरणाची नऊ पानं वाचायला दिली. परत आली तेव्हा सोबत अकरा हाफ मार्जिन होते. "पान २. 'प्रचंड वाढ' असे म्हटले आहे. प्रचंड म्हणजे किती, खुलासा व्हावा." "पान ४. 'हे सर्वज्ञात आहे.' कोणास?" "पान ७. बेरीज जुळत नाही. बेरीज कोणी केली?"

"बेरीज कॉम्प्युटरनं केलीय, काका."

"कॉम्प्युटरची सही आहे का खाली?"

मी तोंडी समजावायला लागले की ते हात वर करायचे, रहदारीच्या पोलिसासारखा. "तोंडी नको. उत्तर लेखी द्या." शेजारी बसून असायचे, हातभर अंतरावर, आणि तरी लेखी! मी चिडून डाव्या बाजूला काहीतरी खरडून कागद सरकवायचे. ते चष्मा लावून वाचायचे, बहुतेकदा मान हलवून नवा कागद दुमडायचे. नखाचा तो कर्र आवाज आला की माझ्या कपाळाची शीर उडायची. पण क्वचित कधीतरी बाकावर गेल्यावर ते खिशातून पेन्सिल काढत, खाली बारीक टिक मारत, सही करत आणि कागद माझ्या हातात देत. शाबासकी वगैरे काही नाही. त्या हिरव्या टिकेची मी वाट बघायला लागले होते, हे मला फार उशिरा कळलं. एकदा घाईत होते म्हणून त्यांची पेन्सिल उचलून मीच टिक मारायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं. "अहं. उत्तर देणाऱ्यानं टिक मारायची नसते."

घरीही हेच. स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर जळाला म्हणून सुनेला हाफ मार्जिन. ती बिचारी हसून म्हणाली, "बाबा, मी ह्याला उत्तर देणार नाही." तर म्हणे, "मग तसं लिहून दे."

दुसऱ्या वर्षी आले तेव्हा लिफ्टचं प्रकरण झालं. इथल्या लिफ्टमध्ये तपासणीचा तक्ता चिकटवलेला असतो, तारीख आणि तपासनिसाची सही. काकांच्या इमारतीतल्या तक्त्यात एका ओळीत तारीख होती, सही नव्हती. इतकी माणसं रोज वरखाली करत होती, कुणाच्या डोळ्याला लागलं नव्हतं. काकांनी त्या दिवसापासून लिफ्ट बंद केली. दुखरा गुडघा धरून चार मजले चढायचे.

"अहो बाबा, ही जर्मनी आहे. इथं लिफ्टा पडत नाहीत," सून म्हणाली.

"पडत नाहीत हे लेखी आहे का?"

शेवटी त्यांनी इमारतीची देखभाल बघणाऱ्या कचेरीला, म्हणजे हाउसफेरवाल्टुंगला, इंग्रजीत हाफ मार्जिन लिहिला आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकला. आम्ही सगळ्यांनी मनात म्हटलं, गेला तो कागद कचऱ्यात.

अकराव्या दिवशी काका वाचनखोलीत धापा टाकत आले. हातात न फोडलेलं पाकीट. "फोडा. जर्मन आहे, तुम्ही वाचा."

आत एक छापील पत्र होतं, तसदीबद्दल क्षमा मागणारं. आणि त्याला टाचणी लावून काकांचाच कागद परत आला होता. उजवीकडे त्यांची हरकत. डावीकडे, निळ्या शाईत, सुबक अक्षरात तीन ओळी: तपासणी झाली होती, सही राहून गेली, अमुक तारखेला तपासनीस येऊन करून जाईल. खाली सही. त्या कचेरीतल्या बाईला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिला कोरी जागा दिसली, तिनं ती भरली.

काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बाकावर येऊन टिक मारली, सही केली आणि कागद पुन्हा घडीवर दुमडून खिशात ठेवला. एक मालवाहू बोट हळूहळू गेली.

"छत्तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "अकरा दिवसांत उत्तर कधी आलं नाही."

त्या दिवशी त्यांनी मला शाळेच्या खोलीचं सांगितलं. नोकरीच्या मधल्या वर्षांत एका तालुक्याच्या तपासणीला गेले होते. कागदावर एका खेड्यातल्या शाळेच्या दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. काका एसटीनं आणि मग पायी तिथं गेले. खोली एकच. तिच्यात चार वर्ग, आणि पाचवा बाहेर लिंबाखाली. त्यांनी हाफ मार्जिन काढला: दुसरी खोली कोठे आहे, खुलासा व्हावा.

"मग?"

"मग काय. कागद गेला. उत्तर नाही. स्मरणपत्र काढलं. नाही. साहेब बदलले, पुन्हा काढलं. अकरा वर्षं काढत होतो. सेवानिवृत्तीच्या समारंभात हार घातला, तेव्हाही मी विचारलं, त्या खोलीचं काय झालं? सगळे हसले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नाही बांधली, एवढं जरी लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. चूक कबूल केली असती तर मी शिक्षा थोडीच करणार होतो? पण ती बाजू कोरीच राहिली."

मी तेव्हा "अरेरे" म्हणाले. अरेरे म्हणायला काही लागत नाही.

तिसऱ्या वर्षी माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. ती वाढवून मिळायची तर जूनअखेर तिसरं प्रकरण देणं भाग होतं. त्या पैशांतून मी दरमहा घरी पाठवत होते, धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण त्यावर चाललं होतं. प्रकरणाचा सगळा जीव एका तक्त्यात होता. लढाईआधी मुंबई सरकारच्या जमेत शेतसारा किती आणि लढाईनंतर किती. लढाईनंतर आकडा एकदम उसळी मारतो. मी लिहिलं होतं की, लढाईचा खर्च सरकारनं असा शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसून वसूल केला. माझे प्रोफेसर सहसा न बोलणारे. तक्ता पाहून म्हणाले, "आल्झो, तर मग हाच तुमचा प्रबंध." मी त्या दिवशी ट्राम सोडून चालत घरी गेले, इतकी खूष होते.

काकांनी ते प्रकरण चार दिवस ठेवून घेतलं. मग कर्र असा आवाज आला. एकच कागद. "तक्ता ३. लढाईपूर्वीच्या वर्षांत शेतसाऱ्याचा फक्त मुंबई सरकारचा वाटा दाखविला आहे. लढाईनंतरच्या वर्षांत पूर्ण सारा दाखविला आहे. तुलना कशी केली, खुलासा व्हावा."

तुम्हाला सोपं करून सांगते. जुन्या पद्धतीत गोळा झालेला सारा मुंबईचं सरकार आणि वरचं हिंदुस्थान सरकार वाटून घेत, आणि मुंबईच्या वहीत फक्त मुंबईचा वाटा दिसे. लढाईनंतर कारभार बदलला. सारा पूर्ण मुंबईच्या नावावर आला आणि बदल्यात मुंबईनं दिल्लीला दरसाल ठरलेली रक्कम द्यायची. म्हणजे वहीतला आकडा फुगणारच. शेतकऱ्यानं आदल्या वर्षीइतकाच सारा भरला असला तरी फुगणार.

हे मी आज सांगतेय. तेव्हा रागानं माझं बाकावर उभं राहायचंच बाकी होतं.

"काका, तुम्ही इंग्रजांची बाजू घेताय!"

"मी कुणाची घेत नाही. दोन्हीकडे एकच माप लावलंय का, एवढंच विचारतोय."

"लोक पिचले होते, आणि तुम्हाला माप सुचतंय?"

"पिचले असतील. पण ते ह्या तक्त्यात नाही."

"मग कुठंय?"

त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. माझ्याच खंडातली पानं, मी कधी न उघडलेली. शिक्षण खातं. शाळांच्या इमारती. एका रकान्यात मंजूर रक्कम, दुसऱ्यात प्रत्यक्ष खर्च. "हे बघा. लढाईचं कर्ज दिल्लीच्या डोक्यावर. दिल्ली मुंबईकडून वसूल करणार. मुंबईची तिजोरी रिकामी, मुंबई कात्री लावणार. कशाला लावली? मंजूर झालेले पैसे खर्चच केले नाहीत. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. काय वसूल केलं ते सोडा. जे बांधायचं ठरलं होतं आणि बांधलं नाही, ते मोजा. तुमचा राग खरा आहे, मॅडम. पान चुकलंय."

"मोजायला वर्ष जाईल. मला दोन आठवड्यांत प्रकरण द्यायचंय."

"मग तसं लेखी द्या."

तिथं माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमच्या हरकतींनी आजवर काय झालं, काका? एका खोलीचं उत्तर अकरा वर्षांत मिळालं नाही तुम्हाला. माझ्या मागं का लागलाय? घरी कुणी विचारत नाही म्हणून?"

त्यांनी झेरॉक्स पिशवीत घातल्या, काठ जुळवून. डबा घातला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबले. मला वाटलं, मागं वळून काहीतरी सुनावतील. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात जायचं टाळलं, खोलीवर बसून प्रकरण संपवलं आणि तक्ता आहे तसा ठेवून ते प्रोफेसरांना देऊन टाकलं. आठवड्यानं गेले तर काउंटरवरच्या बाईंनी एक पाकीट पुढं केलं. काकांचा व्हिसा संपला होता, ते भारतात परतले होते. पाकिटात तोच कागद होता. हरकतीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवलेली: "घाई नाही. पण लेखी द्या."

शिष्यवृत्ती वर्षभरासाठी वाढली. प्रोफेसरांनी तो तक्ता चर्चासत्रात पडद्यावर दाखवला. लोकांनी इथल्या पद्धतीनं बाकावर बोटांनी टकटक करून दाद दिली. मला ती टकटक नखाच्या कर्रसारखी ऐकू आली.

ऑक्टोबरात मी तो खंड पुन्हा मागवला. गंमत बघा, तीन वर्षं मी त्या पुस्तकातले फक्त तक्ते फोनमध्ये टिपून घेत होते. आमच्यातले सगळे असंच करतात, वेळ वाचतो. पहिली चार छापील पानं मी कधी वाचलीच नव्हती. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की, वाटणीची पद्धत बदलल्यामुळे या वर्षीच्या सार्‍याची आधीच्या वर्षांशी तुलना करू नये. करू नये, अशा स्पष्ट शब्दांत. मेलेल्या इंग्रज कारकुनानंही मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मी पुस्तक मिटून परत केलं आणि कुणाला काही बोलले नाही. प्रोफेसरांना सांगितलं तर शिष्यवृत्ती जाणार. बहिणीचं शेवटचं वर्ष. गर्व होताच वर. आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी परदेशात जाऊन चुकली, हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं.

डिसेंबरात एकदा काकांचा कागद काढून डावीकडे लिहिलं, "हरकत मान्य." आणि पेन थांबलं. कारण नुसतं मान्य लिहून भागत नाही, त्यांनीच शिकवलं होतं. पुढं लिहावं लागतं, काय कारवाई केली. मी काहीच केली नव्हती. मग ठरवलं, एप्रिलमध्ये काका येतीलच. बाकावर बसू. कागद हातात देऊ, माफी मागू, ते सांगतील पुढं काय लिहायचं. पत्ता त्यांच्या सुनेकडे होता, पोस्ट ऑफिस माझ्या खोलीसमोर होतं. तरी मी एप्रिलची वाट बघत बसले.

एप्रिल गेला. काका ग्रंथालयात आले नाहीत. मे उजाडल्यावर मी त्यांच्या इमारतीत गेले, कागद पिशवीत घेऊन. दार सुनेनं उघडलं.

"अगं, तुला कळलं नाही?" ती म्हणाली. "बाबा फेब्रुवारीत गेले. झोपेतच."

मी चपला काढायच्या की नाही हे न कळून दारातच उभी राहिले. तिनं हाताला धरून आत नेलं, चहा टाकला.

"दर रविवारी फोन असायचा त्यांचा," ती सांगत होती. "आधी थंडी किती आहे, मग जेवलात का, आणि ठेवायच्या आधी एकच. 'त्या मॅडमचं उत्तर आलं का?' मला वाटायचं काहीतरी पुस्तकाबिस्तकाचं असेल तुमचं. मी म्हणायची, येईल बाबा, कामात असेल ती."

"तुम्ही मला एक फोन करायचा ना, वहिनी."

"म्हटलं ना मी. म्हटलं, विचारू का तिला? तर नको म्हणाले. म्हणाले, स्मरणपत्र काढलं की माणूस घाईत काहीतरी लिहून देतो. तिला नीट लिहू दे."

चहा तसाच निवला. निघताना तिनं टेबलाच्या खणातून हिरव्या पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. इथंच विसरले होते, म्हणाली.

सोमवारी मी प्रोफेसरांकडे गेले. तोंडी सांगितलं नाही. दीड पान लिहून नेलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जा," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "जा." इथं त्याचा अर्थ होकार असतो, पण आवाज जाऊ दे म्हटल्यासारखाच होता.

तुम्हाला वाटेल, खरं बोलल्यावर सगळं सुरळीत झालं असेल. नाही झालं. उरलेल्या महिन्यांची शिष्यवृत्ती थांबली. बहिणीची शेवटची फी मी बेकरीत पाव विकून भरली, पहाटे पाचची पाळी. दुपारी ग्रंथालयात जाऊन न बांधलेल्या शाळा मोजायचे. मंजूर किती, खर्च किती, जिल्हावार, वर्षवार, आधी टीप, मग आकडा. दोन वर्षं लागली. सोलापूरच्या पानावरच्या न बांधलेल्या शाळा मोजून झाल्या, त्या दिवशी मी वही मिटून लवकर घरी गेले. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, तिची आई तर नाहीच. आम्ही आजवर समजत होतो की आमच्या घरालाच शिक्षणाची आवड नव्हती. प्रबंधाला श्रेणी बेताची मिळाली. एका परीक्षकानं शेरा लिहिला, "काटेकोर, पण रुक्ष." प्रोफेसरांना तो खटकला. मी मात्र त्यातला पहिला शब्द उचलला.

ज्या दिवशी प्रबंधाची बांधलेली प्रत हातात आली, त्या दिवशी बाकावर बसून मी काकांचा कागद पुरा केला. "हरकत मान्य. तक्ता ३ मागे घेतला. प्राध्यापकांस लेखी कळविले. मंजूर होऊन न बांधलेल्या शाळांची मोजणी केली, प्रत सोबत जोडली आहे. उत्तरास विलंब झाला, त्याचा खुलासा नाही." खाली तारीख, सही.

आजही कधीमधी वहिनी जेवायला बोलावतात. लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जाताना माझी नजर आपोआप तक्त्याकडे जाते. आता प्रत्येक ओळीत तारीख आहे आणि प्रत्येक तारखेपुढं सही. त्या तपासनिसाकडून पुन्हा कधी राहिलेली नाही.

माझा कागद प्रबंधाच्या पहिल्या चार पानांत ठेवलेला असतो, पेन्सिलीच्या तुकड्यासह. उजवी बाजू भरली आहे, डावी भरली आहे. खाली बोटभर जागा उरते. पेन्सिल कितीदा हातात घेतली, पण उत्तर देणाऱ्यानं टिक मारायची नसते.